कारिबू, दादा!

बँकॉक झालं, बाली झालं, दुबई तर मावशीकडे म्हणून दोनदा झाली. आता नेक्स्ट काय? सिंहांपासून समुद्रापर्यंत सगळं एकाच व्हिसावर देणाऱ्या टांझानियाची ही फर्स्ट हँड ओळख!

‘कारिबू, दादा! टॅक्सी?’

दार-एस-सलामच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. मी मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं. मोकळे केस, कानात झुमके, पाठीवर गुलाबी सॅक... आणि तरी मी दादा? माझी मैत्रीण हसून हसून ट्रॉलीवर कोसळायचीच बाकी होती. नंतर कळलं की स्वाहिली भाषेत ‘दादा’ म्हणजे ताई आणि ‘काका’ म्हणजे भाऊ. मग काय, पुढचे नऊ दिवस आम्ही पंचविशीतल्या पोरांना बिनधास्त काका म्हणत होतो, आणि तीही ‘बोला दादा’ म्हणत होती!

तसं बघितलं तर या ट्रिपची सुरुवात आमच्या स्वयंपाकघरात झाली. २०२५ चे गणपती नुकतेच उरकले होते. मी आईला म्हटलं, यंदा टांझानिया. तिनं मोदकपात्र पुसता पुसता थांबून विचारलं, ‘आफ्रिका? अगं, तिकडे रोगराई आणि वाघ, दुसरं आहे काय?’

‘आई, आफ्रिकेत वाघ नसतात.’

‘मग जातेस कशाला?’

प्रश्न बिनतोड होता. त्याचंच हे उत्तर.

ओळख करून घ्या

आकारानं आपल्या महाराष्ट्राच्या तिप्पट, आणि २०२२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सव्वासहा कोटींच्या आत. टांगानिका आणि झांझिबार हे दोन वेगळे देश १९६४ मध्ये एकत्र आले आणि दोघांची नावं जोडून ‘टांझानिया’ झालं. राजधानी डोडोमा, पण खरी धावपळ बघायची ती समुद्रकाठच्या दार-एस-सलाममध्ये. (तिकडे सगळे नुसतं ‘दार’ म्हणतात. त्यामुळे ‘आम्ही दारमध्ये उभे आहोत’ हा घरी पाठवलेला मेसेज आईनं तीनदा वाचला!)

देशात शंभरावर भाषा आहेत, तरी सगळ्यांना एकत्र ठेवते ती स्वाहिली. पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी ही भाषा शाळा आणि कचेऱ्यांमध्ये रुजवली. आणि गंमत म्हणजे ही भाषा आपल्याला अर्धीमुर्धी आधीच येत असते. गाडी म्हणजे ‘गारी’, दुकान म्हणजे ‘दुका’, रंग म्हणजे ‘रांगी’, हिशेब म्हणजे ‘हेसाबू’, पुस्तक म्हणजे ‘किताबू’. चहा ‘चाय’च, चपाती ‘चापाती’च. आगगाडीला तर ते ‘गारी मोशी’ म्हणतात. मोशी म्हणजे धूर, म्हणजे आपली आगगाडी तिकडे धूरगाडी झाली! आता दारहून डोडोमाला विजेवरची झकास नवी रेल्वे धावते. २०२४ पासून. धूर गेला, नाव राहिलं.

आणि रिक्षा? रिक्षाला म्हणतात ‘बजाजी’. कंपनी कुठलीही असो, तीन चाकं दिसली की ती बजाजी. पुणेकर मैत्रिणीची कॉलर दिवसभर ताठ होती.

सहा तासांचा घोळ

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या बोटीनं झांझिबारला जायचं होतं. आदल्या संध्याकाळी एक बजाजीवाला ठरवला. मी मोबाइलवर आकडे शिकून गेले होते, तेव्हा हौसेनं स्वाहिलीत सांगितलं, ‘केशो, सा साबा.’ उद्या, सात वाजता. तो म्हणाला, ‘सावा, दादा.’ ओके.

सकाळी सात वाजले. साडेसात वाजले. काकांचा पत्ता नाही. शेवटी वॉचमननं दुसरी बजाजी आणून दिली, ती ट्रॅफिकमध्ये अडकली आणि आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा बोटीचा फक्त फेस दिसत होता. तोंड पाडून हॉटेलवर परत. आणि बरोबर एक वाजता... गेटवर आमचा बजाजीवाला हजर! इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा.

तर मंडळी, फंडा असा आहे. स्वाहिली घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं. विषुववृत्त जवळ, त्यामुळे बारा महिने सूर्य साधारण सहालाच उगवतो. तिथून पहिला तास संपला की ‘सा मोजा’, म्हणजे एक वाजला, म्हणजे आपले सकाळचे सात. आणि ‘सा साबा’ म्हणजे सात वाजले, म्हणजे आपले दुपारचे एक! त्याचं काहीच चुकलं नव्हतं. शहाणपणा माझा होता. त्यानंच आम्हाला चारच्या बोटीला सोडलं आणि वाटभर हसत होता.

तेव्हा टिप नंबर एक: वेळ ठरवताना ‘सकाळी’ म्हणजे ‘असुबुही’ हा शब्द जोडा किंवा सरळ इंग्रजीत बोला आणि घड्याळ दाखवा.

पाचगणीचा मुलगा आणि कचोरी

दार ते झांझिबार बोटीनं साधारण दोन तास. उतरल्यावर समोरच स्टोन टाऊन. प्रवाळी दगडाच्या भिंती, दोन माणसं जेमतेम जातील अशा गल्ल्या आणि पितळी खिळे ठोकलेले भले थोरले कोरीव दरवाजे. काही दरवाज्यांवर अरबी नक्षी, काहींवर चक्क गुजराती थाट. २००० सालापासून हे जागतिक वारसास्थळ आहे. ‘हाऊस ऑफ वंडर्स’ हा इथला सर्वात प्रसिद्ध वाडा मात्र २०२० च्या डिसेंबरमध्ये अर्धवट कोसळला.

क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी याच गावात १९४६ मध्ये जन्मला. नाव फारूख बलसारा, पारशी कुटुंब. आणि शाळा? आपल्या पाचगणीतली! सेंट पीटर्समध्ये असतानाच त्यानं ‘हेक्टिक्स’ नावाचा पहिला बँड काढला. १९६४ च्या झांझिबार क्रांतीनंतर त्याचं कुटुंब इंग्लंडला गेलं. आज स्टोन टाऊनमध्ये त्याच्या नावाचं छोटंसं म्युझियम आहे. स्ट्रॉबेरी खायला पाचगणीला शंभरदा गेलो असू, पण हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

संध्याकाळी फोरोधानी बागेत खाऊगल्ली लागते. आलं-लिंबू घातलेला उसाचा रस प्या. ‘उरोजो’ खा, म्हणजे आंबट पिवळ्या रश्शात भजी, बटाटा, कसाव्याचा चिवडा आणि चटणी. मिसळीची चुलतबहीणच! तिथली ‘कचोरी’ मागवली तर प्लेटमध्ये बटाट्याचा गोल वडा येतो. पाव तेवढा नसतो. शाकाहारी असाल तर घाबरू नका: ‘वाली’ म्हणजे भात, ‘महारागे’ म्हणजे घेवड्यासारख्या बियांची उसळ, ‘म्चिचा’ म्हणजे आपल्या माठाच्या जवळची पालेभाजी. हे त्रिकूट कुठेही मिळतं.

पण त्याच गावात एक जागा अशी आहे, जिथे सगळी बडबड बंद होते. अँग्लिकन कॅथीड्रल. इथे गुलामांचा बाजार भरायचा. मुख्य भूमीवरून पकडून आणलेली माणसं इथे विकली जात. १८७३ मध्ये ब्रिटिशांच्या दबावाखाली सुलतान बर्गाशनं तो बाजार बंद केला आणि त्या जागेवर चर्च उभं राहिलं. बाहेर खड्ड्यात दगडी माणसं उभी केली आहेत, गळ्यात साखळदंड. मला वाटत होतं, हे सगळं अरबांनी आणि युरोपियनांनी केलं, आपला काय संबंध? पण त्या काळातल्या झांझिबारचे मोठे सावकार कच्छी-गुजराती होते, आणि गुलाम आणि हस्तिदंत आणणाऱ्या तांड्यांना त्यांचंही भांडवल जायचं. आम्ही दोघी तिथून बाहेर पडलो तेव्हा बराच वेळ काही बोललो नाही.

पुढे दोन दिवस पाजेचा किनारा. पांढरी वाळू, ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की शोधत जावं लागतं, आणि त्या उथळ पाण्यात बायका समुद्री शेवाळाची शेती करतात. एक सूचना: झांझिबार मुस्लिमबहुल आहे. बिकिनी किनाऱ्यावर ठीक, गावात खांदे आणि गुडघे झाका.

आणि मग... सिंह!

झांझिबारहून छोट्या विमानानं अरुशा. उजवीकडची खिडकी पकडली होती, आणि ढगांच्या वर अचानक किलिमांजारो! ५,८९५ मीटर. साडेतीन कळसूबाई एकावर एक. चढायचा असेल तर सहा ते आठ दिवस आणि वेगळं बजेट ठेवा. आम्ही खिडकीतूनच नमस्कार केला.

पुढचे चार दिवस लँड क्रूझर, उघडणारं छत आणि आमचा गाइड, जो ड्रायव्हरही होता. तिशीतला, शांत, आणि नजर अशी की आपल्याला झाड दिसतं तिथे त्याला फांदीवर लोंबणारी बिबट्याची शेपटी दिसते!

पहिला दिवस तारांगिरे. बुंधा एवढा जाड की चारजणांची मिठी पुरत नाही असे बाओबाब, म्हणजे आपल्याकडची गोरखचिंच. आणि हत्ती. कोरड्या दिवसांत सगळे कळप तारांगिरे नदीवर येतात. एका जागी उभं राहून आम्ही साठपर्यंत मोजले, मग नाद सोडला.

दुसरा दिवस सेरेंगेटी. मासाई भाषेत याचा अर्थ न संपणारं मैदान. १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास अख्ख्या पुणे जिल्ह्याएवढं उद्यान. दगडाच्या टेकाडावर सिंहीण आणि तीन बछडे उन्हात पसरले होते. आमच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ऑफिसमध्ये सोमवारी सकाळी आपण बघतो ना, तितक्याच अनिच्छेनं एकीनं डोळा उघडला आणि मिटला.

आता खरं सांगते. टीव्हीवर दिसतं ते, नदीत उड्या मारणारे हजारो विल्डबीस्ट आणि मगरी, ते आम्हाला दिसलं नाही. सुमारे पंधरा लाख विल्डबीस्ट वर्षभर गवताच्या मागे गोल फिरत असतात. जुलै ते ऑक्टोबर ते उत्तरेला मारा नदीजवळ असतात, जानेवारी ते मार्च दक्षिणेला, जिथे त्यांची पिल्लं जन्मतात. चार दिवसांच्या पॅकेजमध्ये उत्तर टोक बसत नाही. एजंटानं ‘मायग्रेशन नक्की’ म्हटलं तर नकाशा उघडून ‘कुठे?’ विचारा.

तिसऱ्या दिवशी वाटेत ओल्डुवाईची घळ. १९५९ मध्ये मेरी लीकी यांना इथे आदिमानवाची कवटी सापडली. जवळच्या लाएतोलीला ३६ लाख वर्षांपूर्वीच्या राखेत उमटलेली पावलं आहेत, दोन पायांवर ताठ चालणाऱ्यांची. गाइड म्हणाला, ‘वेलकम होम.’ हे तो सगळ्यांनाच म्हणत असणार. तरी अंगावर काटा आला.

चौथा दिवस न्गोरोंगोरो. लाखो वर्षांपूर्वी एक ज्वालामुखी आत कोसळला आणि २६० चौरस किलोमीटरची वाटी तयार झाली. सहाशे मीटर खाली उतरलात की सिंह, गवे, हत्ती, पाणघोडे आणि नशीब असेल तर काळा गेंडा. आम्हाला दिसला, दुर्बिणीतून, करड्या ठिपक्याएवढा. आम्ही तरी टाळ्या वाजवल्या! जिराफ मात्र नाहीत. उतार इतका उभा आहे की ते खाली येत नाहीत.

या विवराभोवतीच्या माळावर मासाई गुरं चारतात. १९५९ मध्ये सेरेंगेटीतून हलवलेल्या मासाईंना इथे राहू देऊ असं ठरलं होतं. २०२२ पासून सरकार त्यांना दूर म्सोमेराला हलवतंय. सरकार म्हणतं, त्यांची मर्जी आहे. अनेक मासाई म्हणतात, शाळा-दवाखान्यांना पैसेच दिले नाहीत तर माणूस जाणार नाही तर काय करणार? आपण दिलेल्या तिकिटाचा या भांडणाशी संबंध आहे, एवढं माहीत असावं. फोटो काढण्याआधी विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर नाही.

कधी, कसं, किती?

कधी: जून ते ऑक्टोबर बेस्ट. मे महिन्याची सुटी विसरा. मार्च ते मे तिकडे मोठा पाऊस.

कसं: मुंबईहून थेट विमान मिळालं तर दारला साधारण सहा तास, नाहीतर आखाती देश, नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे.

व्हिसा: ऑनलाइन, ५० डॉलर. झांझिबारला ऑक्टोबर २०२४ पासून त्यांचाच ४४ डॉलरचा प्रवासविमा सक्तीचा आहे. आपला विमा असला तरी हा घ्यावाच लागतो.

लस: यलो फीवरची लस सरकारमान्य केंद्रात किमान दहा दिवस आधी घ्या. कार्ड आयुष्यभर चालतं. मार्ग नैरोबी किंवा अदिसवरून असेल तर परतताना आपल्याच विमानतळावर ते मागतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

किती: आम्हाला माणशी पावणेदोन लाख लागले, तेही तंबूत राहून आणि गाडी सहाजणांत वाटून. सफारी महाग का? सेरेंगेटीत परदेशी माणसाला दिवसाला ७० डॉलरच्या घरात फी, वर कर. विवरात उतरायला प्रत्येक गाडीला २५० डॉलर वेगळे. म्हणून ग्रुप जमवा. गाइडची टिप हिशेबात धरा, शेवटच्या दिवशी पाकीट चाचपू नका.

बॅगेत: गरम जाकीट (हो, आफ्रिकेत!), तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडाप्टर, आणि प्लास्टिकच्या पिशव्या नकोत. २०१९ पासून त्यांच्यावर बंदी आहे. चिवडासुद्धा डब्यात न्या.

तोंडात: तरुणांना ‘मांबो?’ (काय चाललंय?), उत्तर ‘पोआ!’ (मस्त!). वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’. याचा मूळ अर्थ ‘तुमचे पाय धरते’ असा सांगतात. म्हणजे आपला वाकून नमस्कारच, फक्त कंबर न वाकवता.

पोले, दादा

एक गोष्ट राहिली. ती लिहू की नको, असा विचार करत होते.

न्गोरोंगोरोच्या काठावर, कळसूबाईपेक्षाही उंचावर, आमचा शेवटचा तंबू होता. थंडी अशी की दात वाजत होते. शेकोटीपाशी गाइडनं सहज सांगितलं की त्याचा धाकटा भाऊ पुण्यात शिकून आला. तीन वर्षं होता. त्याला वडापाव आवडायचा, ‘भाऊ’ म्हणायला यायचं. मग तो जरा थांबला आणि म्हणाला, ‘दादा, एक विचारू? तो सांगायचा, फोनवर घरमालक फार गोड बोलायचे. भेटायला गेलो की फ्लॅट आत्ताच गेलेला असायचा. असं होतं का खरंच?’ त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याला खरंच माहिती हवी होती, आपण पावसाबद्दल विचारतो तशी.

मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या मीटिंगला मी बाबांच्या ऐवजी गेले होते. पार्किंग, पाण्याची टाकी, आणि पाचवा विषय: फॉरेनच्या, ‘विशेषतः आफ्रिकन’ मुलांना फ्लॅट भाड्यानं द्यायचे नाहीत. कुणी कारण विचारलं नाही. सगळे हात वर गेले. माझाही गेला. मला घरी जाऊन सिरीज बघायची होती.

मी त्याला सांगितलं. होतं असं. आमच्या बिल्डिंगमध्येही झालं, आणि माझा हात वर होता.

त्यानं काठीनं निखारे सारखे केले. मग म्हणाला, ‘पोले, दादा.’

पोले म्हणजे सॉरी. पण चुकीबद्दलचं सॉरी नाही. समोरच्याला लागलं, त्याचं कुणी गेलं, त्याच्यावर काही ओढवलं की म्हणायचा शब्द. मी केलेल्या गोष्टीबद्दल तो मला पोले म्हणत होता.

आम्ही परत आलो. २९ ऑक्टोबरला तिकडे निवडणूक झाली, मोठा हिंसाचार झाला, दारमध्ये संचारबंदी लागली आणि देशभर इंटरनेट बंद झालं. (म्हणून तिकीट काढण्याआधी ताज्या बातम्या आणि आपल्या परराष्ट्र खात्याच्या सूचना जरूर वाचा.) मी गाइडला मेसेज केला. एक टिक. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, एकच टिक. आई रोज विचारायची, ‘त्या मुलाचं काही कळलं का गं?’ वाघांवाली माझी आई! बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: ‘सालामा, दादा.’ सुखरूप आहे. आईनं देवापुढे साखर ठेवली.

डिसेंबरमध्ये सोसायटीची मीटिंग होती. आयत्या वेळच्या विषयांत मी तो ठराव परत काढला. रद्द व्हावा म्हणून हात वर झाले चार. एक माझा, एक तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा, दोन भाडेकरू, ज्यांना मत नव्हतंच. ठराव आहे तसा आहे. जूनमध्ये परत मांडणार आहे.

‘कारिबू’ म्हणजे या. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे ‘जवळ’. तुम्ही टांझानियाला जा, नक्की जा. नऊ दिवसांत हा शब्द हजारदा ऐकाल आणि पैसे वसूल झाले म्हणाल. आणि परत आल्यावर तुमच्या बिल्डिंगखाली एखादा तिकडचा मुलगा ‘टू लेट’ची पाटी वाचत उभा दिसला, तर नुसतं ‘मांबो?’ म्हणून बघा.

तो ‘पोआ’ म्हणेल. मग त्याला वर घेऊन जा.